उजव्या कळीची साक्ष

माझ्या पुस्तकातले त्रेचाळिसावे पान खोटे आहे, असे माझा चुलतभाऊ पेडण्याच्या एका वाचनालयात पंचवीस-तीस माणसांसमोर उभा राहून म्हणाला. त्या वेळी मी व्यासपीठावर बसलो होतो आणि माझ्यासमोर पाण्याने भरलेला पेला होता. तो मी त्याच्या दिशेने फेकला नाही, एवढे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

माझी पुस्तके मी स्वतः लिहितो, स्वतः छापून घेतो आणि पिशवीत घालून स्वतः विकतो. बेळगावच्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात माझे उभे तारुण्य गेले. दुसऱ्यांची इतकी वाक्ये मी उलटी जुळवून सुलटी केली आहेत की निवृत्तीनंतर चार वाक्ये स्वतःची लिहिण्याचा हक्क मला आहे, असे मी मानतो. मी प्रकाशकांची दारे झिजवली आणि कोणी उभे केले नाही, असे आमच्या गावात सांगितले जाते. ते साफ खोटे आहे. मी एकाच दारात गेलो होतो आणि तेथल्या गृहस्थांना मराठी येत नाही हे लक्षात आल्यावर आपण होऊन उठून आलो.

आता ते त्रेचाळिसावे पान. आमच्याकडे मोठा निर्णय घेण्यापूर्वी ग्रामदेवीला विचारण्याची रीत आहे. पुजारी पाषाणमूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्याने ओल्या केलेल्या पिटकुळीच्या कळ्या चिकटवतो, घरच्यांच्या वतीने गाऱ्हाणे घालतो आणि सगळे वाट पाहत उभे राहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या पानावर लिहिले होते ते असे : "मी बेळगावला जावे की नाही, हे त्या सकाळी देवीला विचारले गेले. थोरली बहीण नवे हिरवे लुगडे नेसून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी होती. माझ्या डोळ्यांदेखत उजवी कळी पडली. देवीने मला जा म्हणून सांगितले आणि मी गेलो."

चुलतभावाचे म्हणणे असे की पडली ती डावी. देवी नको म्हणत असताना मी गेलो, म्हणून दोन वर्षांत माझे वडील अंथरुणाला खिळले आणि शेते दुसऱ्यांच्या हाती गेली. ही हकीकत त्याने आपल्या मुलांना सांगितली, मुलांनी नातवंडांना. लग्नाकार्यात ती पोरे मला वाकून नमस्कार करतात आणि उठताना माझ्या तोंडाकडे अशी बघतात की जणू देवीचा शब्द मोडणारा माणूस जवळून कसा दिसतो, हे त्यांना तपासायचे असते. साठ वर्षे मी हे सोसले. ते पान मी लिहिले ते याच्यासाठी.

त्या सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी देवळात असलेल्यांपैकी माझी आमोण्याची बहीण तेवढी आज हयात आहे. ती डावी म्हणाली, तर दुसऱ्या आवृत्तीतून हे पान मी काढून टाकीन आणि याच जागी उभा राहून तसे सांगेन."

"बघ हां दादा," चुलतभाऊ म्हणाला. "मागीर शब्द फिरवशीत."

"शब्द फिरवायला मी तुझ्यासारखा वकिलाकडे कारकून नव्हतो."

लोक हसले. तो हसला नाही. दुसरी आवृत्ती म्हापशाच्या छापखान्यात तयार होती. बुधवारी सकाळी छपाई सुरू करायची, असे तिथल्या मुलीने बजावले होते. मंगळवारी मी घराबाहेर पडलो.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे, पण जे आहे ते चुकीचे सांगितले जाऊ नये म्हणून मीच सांगतो. पुतण्या गाडीने सोडायला तयार होता आणि मी हट्टाने बसने गेलो, असे नंतर घरात बोलले गेले. पुतण्या दुपारी दोन वाजता सोडायला तयार होता. दोन वाजता निघालेला माणूस आमोण्याला पोचून चहा पितो आणि परत येतो. मला चहा प्यायला जायचे नव्हते.

पेडण्याच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो. धारगळ मागे पडल्यावर वाहक तिकीट फाडताना म्हणाला, "आजोबा, पिशव्येंत इतलें जड किदें? गांवचे नारल?"

"पुस्तके आहेत."

"कोणाचीं?"

"माझीच. मी लिहिलेली."

"म्हणजे खपूंक नात म्हणून परत व्हरतात?"

मागच्या बाकावर कोणीतरी खिदळले. मी त्याला सांगितले की नव्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची माझी स्वतःची सोडून एकही प्रत शिल्लक नाही आणि ही पाच पुस्तके तिच्या आधीच्या लेखनाची आहेत. खपण्याचीच गोष्ट काढायची तर त्याच्या बसमध्ये या घटकेला एकोणीस रिकाम्या जागा आहेत, त्या मी मोजल्या आहेत. त्यावर त्याने कोलवाळचा पूल येईपर्यंत माझ्याशी बोलणे टाळले. पूल ओलांडल्यावर मात्र परत आला आणि म्हणाला, "म्हाका एक दाखयात पळोवया." पुस्तक त्याने उभ्यानेच चाळले, मध्येच एक परिच्छेद ओठ हलवत वाचला आणि म्हापशाला उतरताना विकत घेतले. फुकट दिले असे कोणी म्हणेल, म्हणून लिहितो.

म्हापशाहून डिचोलीची बस धरली. अस्नोडा ओलांडल्यावर शिरगावच्या बाजूला रस्त्याकडेच्या झाडांची पाने खाणीच्या मातीने अजून तांबडी दिसतात. बसमध्ये मी त्रेचाळिसावे पान पुन्हा वाचले. माझ्या वयाच्या माणसाची स्मृती दगा देते, असे मला अनेकदा ऐकवले जाते. ते खरे असेल; पण मला त्या दिवशीचा धुपाचा वास आठवत होता, पुजाऱ्याचा "उजवी दिली!" हा खणखणीत शब्द आठवत होता आणि आईचा हसरा चेहरा आठवत होता. एवढे आठवत असताना मी का डगमगावे? डिचोलीला बस बदलली आणि साडेदहाच्या सुमारास बहिणीच्या दारात उतरलो.

बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. डोळे अधू झाले आहेत. कान माझ्याहून तिखट. ती सोप्यावर बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. माझ्या चपलांचा आवाज ऐकूनच म्हणाली, "आयलंस? पाय ओढून चलूक लागलंस रे तू."

"पिशवी जड आहे, बाय."

"पिशवी खांद्यार आसा. ओढता तो पाय."

तिची सून पोदेराकडचे ताजे उंडे पाव आणि चहा घेऊन आली. "मामा, आधी च्या घेयात, मागीर झगडात," ती म्हणाली. मी येण्याचे कारण त्या घरात माझ्या आधी पोचले होते, हे उघड होते. चुलतभावाने फोन केला असणार. मी म्हटले, मी भांडायला आलेलो नाही, साक्ष घ्यायला आलो आहे. त्यावर सासू आणि सून दोघीही एकाच वेळी हसल्या.

मी पुस्तक उघडले आणि पान मोठ्याने वाचू लागलो. बहिणीने शेंग मोडता मोडता हात वर केला.

"वाचू नको. माका नातीन वाचून दाखवल्यान. दोनदा."

"कधी?"

"तू पुस्तक धाडलंस तेव्हा. दोन वर्सां झाली."

"मग काही बोलली का नाहीस?"

"तू खंय इचारलंस?"

मी चहा बाजूला ठेवला. तिच्यासमोर पाटावर बसलो आणि कोर्टात विचारावे तसे विचारले, "उजवी पडली की डावी?"

"उजवी."

मी सुनेकडे पाहिले. तिने ऐकले याची खात्री करून घेतली. खिशातून फोन काढला. चुलतभावाला तेथूनच कळवावे असा माझा विचार होता. बहीण म्हणाली, "फोन ठेव. उजवी पडली ती माझी."

"तुझी म्हणजे?"

"ह्या घरची सोयरीक आयलेली. बाबांनी देवीक इचारल्यानी, आमोण्याक चेडू दिवचा काय नाय. तुझो प्रस्न मागसून घालूचो होतो. माझ्या कळ्येन बारा वाजवल्यान. पुजारी म्हणालो, एका दिसात दोनदा नको, उद्या बघूया. तुझो प्रस्न कोणी घातलोच नाय."

हे मी मान्य केले नाही. करणार तरी कसे? मी तिला सांगितले की मी तेथे होतो, कळी पडताना माझ्या डोळ्यांनी पाहिली. ऐंशी वर्षांच्या बाईची आठवण आणि छापलेले पुस्तक यांत लोक पुस्तकावर विश्वास ठेवतील, असेही बोललो. हे शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते.

बहिणीने सुपातल्या शेंगा खाली ठेवल्या. "तू पायरीर होतंस. बाजारात बशीची येळ इचारूक गेल्लंस आणि धावत आयलंस. घामान न्हालेलं. थंयसून तुका गाभारो दिसता? मधी खांब आसा. आणि तूच लिवलंस, मी नवा हिरवा लुगडा नेसून उंबऱ्यार उभी होतंय. तुझ्या प्रस्नाक माका नवा लुगडा कित्याक नेसवतीत रे?"

सून पदर तोंडाला लावून आत गेली.

मी पान पुन्हा वाचले. या वेळी मनातल्या मनात. खिळे जुळवणाऱ्याला एक सवय लागते. वाक्य काय सांगते याकडे त्याचे लक्ष नसते, अक्षरे नीट बसली की नाही एवढेच तो पाहतो. ते पान मी त्याच सवयीने किती वेळा तपासले असेन! हिरवे लुगडे माझे मीच तेथे ठेवले होते. लग्नाच्या मुलीला देवीसमोर नवे नेसवून उभे करतात, हे आमच्या गावात कोणाला सांगावे लागत नाही. मलाही लागायला नको होते. पण अठराव्या वर्षी ज्याचे लक्ष दोन वाजताच्या बसकडे लागले आहे, त्याला "उजवी" हा शब्द तेवढा ऐकू येतो आणि तो आपल्यासाठीच आहे असे वाटते. पायरीवरूनच मी हात जोडले होते आणि ट्रंक भरायला घरी पळालो होतो. पाहिली असे लिहिले, ते खोटे होते. मी ऐकले होते.

"मग मला कोणी थांबवले का नाही?" मी विचारले. माझा आवाज चढला होता, हे कबूल करतो. "मी गैरसमजाने पळतो आहे हे सगळ्यांना दिसत होते. आई होती, पुजारी होता, तू होतीस."

"पुजारी हाक मारूक लागलो, अरे, चेडवाचो झालो, झिलाचो प्रस्न रवलो म्हणान. आईन माका सांगल्यान, धाव, तेका आड. मी पायरेपर्यंत आयलंय. बाबांनी हात आडवो केल्यानी."

"आणि?"

"म्हणाले, जाऊंदे. तेका सांगू नका."

नदीकडून एका होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता, तो दूर जाईपर्यंत मी ऐकत राहिलो. माझे वडील निर्णय असा घेतच नसत. पेरणीचा दिवस, विहिरीची जागा, गाय विकायची की ठेवायची, सगळे ते देवीला विचारत. त्यांनी माझ्या बाबतीत विचारणेच सोडून दिले होते. डावी पडली असती तर मला थांबवावे लागले असते. म्हणून त्यांनी कळीच लावू दिली नाही, असा माझा तर्क. बहीण म्हणाली, तर्क तुझे तू कर, मी पाहिले तेवढेच सांगेन.

"साठ वर्षे तू हे मनात ठेवलेस?"

"सांगू नको म्हणाले होते ना."

"मग आज का सांगितलेस?"

"तू परत छापूक निघालंस म्हणान. एकदा चुकलो तर माणूस, दोनदा छापलो तर काय म्हणूचा?"

आता डाव्या कळीचे काय, हा प्रश्न उरला. ती कोठून आली हे बहिणीला नक्की ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी काका रागाने देवळाकडे गेले होते, एवढे तिला आठवत होते. मी चुलतभावाला फोन लावला.

"काय दादा, डावी म्हणाली मगे?" त्याचा पहिला प्रश्न.

"तुझ्या वडिलांनी देवीला कधी विचारले?"

"तुका कोणी सांगल्यान?"

"कधी विचारले ते सांग."

"दुसऱ्या दिसा. सकाळी. पण डावी पडली, ता खरा. माझ्या बापाशीन खोटा सांगूक नाय."

"मी गेल्यावर विचारले. मी तेव्हा बेळगावात भात खाऊन झोपून उठलो होतो."

"देवीक काळ-वेळ नसता, दादा."

"बसला असते."

पलीकडे तो हसला की खोकला, हे मला कळले नाही. मग म्हणाला, "म्हणजे तू खोटो नाय, मीय खोटो नाय?"

"दोघेही खोटे. माझी उजवी माझी नव्हती आणि तुझी डावी उशिरा आली. मी सभेत उभा राहून हे सांगणार आहे. तू माझ्या शेजारी उभा राहशील."

"मी कित्याक? मी पुस्तक लिवूक नाय."

"तू मुलानातवंडांना इतकी वर्षे तोंडी आवृत्त्या काढून दिल्यास. तुझ्या माझ्यापेक्षा जास्त खपल्या."

येतो की नाही हे त्याने सांगितले नाही. पण फोनही ठेवला नाही. आमोण्याला चवळी कशी आली, असे काहीबाही विचारत राहिला. ते उत्तर मी बहिणीकडे फोन देऊन तिलाच द्यायला लावले.

पान काढून टाकले की काम संपले असते. माझ्या शब्दाप्रमाणे तेवढेच माझ्यावर बंधनकारक होते, आणि तेही ती डावी म्हणाली असती तर. ती डावी म्हणाली नव्हती. पान तसेच ठेवण्याचीही सोय होती. उजवी पडली हे तर खरेच होते, आणि पुढच्या पिढीला खांब आणि पायरी यांतले अंतर कोण मोजायला जाणार? ही सोय मी मनात उलटीसुलटी करून पाहिली, हे लपवत नाही. मग सुनेकडून तिच्या मुलीची एक वही मागून घेतली आणि जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, बसलो.

स्वयंपाक होईपर्यंत पान तयार झाले. बहिणीने ताटावर बसण्याआधी ते ऐकण्याचा हट्ट धरला. मी वाचले : "त्या सकाळी देवीने उजवी कळी दिली ती नवे हिरवे लुगडे नेसून उभ्या असलेल्या माझ्या बहिणीच्या लग्नाला. मी पायरीवरून नुसता शब्द ऐकला आणि तो माझा समजलो. माझ्यासाठी कळ्या त्या दिवशी लावल्याच गेल्या नाहीत. हे वडिलांना माहीत होते. देवीला न विचारता त्यांनी मला आनंदाने जाऊ दिले."

"हिरवा नव्हता," ती म्हणाली. "पोपटी होता. आणि काठ लाल."

मी दुरुस्त केले.

"आणि आनंदान काढ."

"का?"

"तू थंय नव्हतंस. मी होतंय. बशीर पोचवूक ते आयले नाय, तू लिवलंस रागान आयले नाय. राग नव्हतो तेंका. सगळी घरी गेली, ते देवळातच बसले. मी जेवूक बोलवूक गेलंय. कळ्या पडलेल्यो, त्यो एकेक करून टोपलेत भरीत होते. माका म्हणाले, तू जेव. सांजपर्यंत उठूक नाय ते. आणि तू आनंदान लिवतंस?"

मी म्हणालो, त्यांच्या मनात काय होते हे तिलाही माहीत नाही. ती म्हणाली, नाही ना? मग दोघांनीही लिहू नये. मी म्हणालो, वाक्य लंगडे होते. ती म्हणाली, होऊंदे. शब्दासाठी आमचे भांडण भात निवेपर्यंत चालले. वडील रागावले होते, असे मी साठ वर्षे समजत आलो होतो. ते आनंदात होते असे निदान या उतारवयात म्हणायला मिळावे, एवढेच मी मागत होतो, आणि ती तेही देत नव्हती. शेवटी मी पेन उचलले. एक रेघ ओढली. खात्री पटावी म्हणून तिने सुनेला बोलावून शब्द खरोखरच खोडला आहे ना, हे पाहायला लावले.

जेवल्यावर मी म्हापशाच्या छापखान्यात फोन केला. त्या मुलीला सांगितले की उद्या सकाळी मी येईपर्यंत यंत्र सुरू करू नये, त्रेचाळिसावे पान बदलायचे आहे. ती म्हणाली, "काका, आता शेवटच्या क्षणाला? किती शब्द बदलायचेत?"

"सगळे," मी म्हणालो, "आणि मी समोर बसून वाचून घेईन. मुक्काम आज आमोण्याला आहे. पहिल्या बसने निघतो."